डिस्टिलरीत नवीन लागलात? एकट्याने रात्रपाळी घेण्याआधी हे वाचा

मोहोळहून पंढरपूर आणि तिथून अकलूज असं सीझनमध्ये गाडीवर निघालं, तर उसाच्या ट्रॉल्या आणि मळीचा वास वाटभर सोबतीला असतो. सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही आणि बऱ्याच कारखान्यांच्या मागच्या अंगाला डिस्टिलरी आहे. दसरा झाला की तिथे नवी पोरं येतात. कुणी बी.एस्सी. केमिस्ट्री, कुणी आयटीआय, कुणी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून शिकून. मी शिफ्ट इनचार्ज आहे. दर सीझनला तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहूनच ठेवतोय.

आधी एक प्रश्न मिटवतो, कारण तो प्रत्येक जण विचारतोच. कधी मित्रासाठी, कधी मेव्हण्यासाठी. "सर, हे घरी जमेल का?" नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं हा महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. सोलापूरकराला हे वेगळं सांगायची गरज नाही. हातभट्टीवरच्या धाडी आपण लहानपणापासून पेपरात वाचतोय. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू करून त्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवायला घेतलं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विषारी दारूचं प्रकरण आहेच. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. मिथेनॉल पाण्यासारखं दिसतं, वासही स्पिरिटच्या जवळ जाणारा, आणि चवीवरून ओळखू येत नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्याच दिवशी बजावून सांगतो: टाकीतलं, नळातलं, बाटलीतलं काहीही तोंडाला लावायचं नाही. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे "डिस्टिलरीत आहे म्हणजे घेत असेल" असं कुजबुजतात. कुजबुजू दे.

आता काम. नव्या पोराला कंट्रोल रूम आवडते. तिथे एसी असतो, समोर स्क्रीनवर कॉलमचं, म्हणजे स्पिरिट गाळायच्या उंच मनोऱ्याचं, रंगीत चित्र असतं आणि माउसवर वाफ कमी-जास्त करता येते. पण स्पिरिट तिथे तयार होत नाही. ते फर्मेंटेशनला, म्हणजे मळी आंबते तिथे, तयार होतं. कॉलम फक्त ते वेगळं करून देतो; नसलेला एक थेंबही त्यातून निघत नाही. तेव्हा पहिले काही महिने फर्मेंटेशनला उभं राहायचं, घाम गाळायचा. जो थेट कंट्रोल रूममध्ये शिकला, त्याला उत्पादन घटल्यावर कुठे बघायचं तेच कळत नाही.

मळीपासून सुरू करू. टँकर आला की मळी कुठली ते आधी विचारा. सी-हेवी म्हणजे जिच्यातली साखर कारखान्याने काढायची तेवढी काढून घेतली आहे. बी-हेवीत साखर जास्त शिल्लक असते. टनामागे सी-हेवीतून साधारण सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळतं, बी-हेवीतून तीनशेच्या आसपास. उसाच्या रसावर किंवा सिरपवर प्लांट चालवायचा तर सगळं गणितच बदलतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने रसापासूनचं इथेनॉल अचानक थांबवलं आणि काही दिवसांतच मर्यादा घालून परत परवानगी दिली. अशा वेळी ऐन सीझनमध्ये कच्चा माल बदलतो, आणि यीस्टला खत किती, पाणी किती, गाळ किती येणार हे सगळं नव्याने बसवावं लागतं. बातम्या वाचत जा. दिल्लीच्या आदेशाने तुमचा फर्मेंटर बदलतो.

उत्पादनाचं गणित स्वतः कागदावर करायला शिका, लॅबच्या रिपोर्टवर विसंबू नका. एक किलो ग्लुकोजपासून पुस्तकाप्रमाणे ०.६४४ लिटर अल्कोहोल निघतं. समजा एक टन मळीत आंबणारी साखर ४२ टक्के आहे, म्हणजे ४२० किलो. गुणिले ०.६४४ केलं की २७० लिटर झाले. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात फर्मेंटेशन ८८ टक्के कार्यक्षमतेने चाललं तर २३८ लिटर उरतात, आणि डिस्टिलेशनमध्ये दीड टक्का गेला तर २३४. आता तुमच्या पाळीत टनाला २१५ च पडले, तर २० लिटरचा हिशोब कुठेतरी लागला पाहिजे. फर्मेंटरमध्ये साखर तशीच राहिली? स्पेंट वॉशमधून, म्हणजे गाळून उरलेल्या काळ्या पाण्यातून, अल्कोहोल वाहून गेलं? की मळीच खराब होती? या तीनपैकी काय, ते शोधायचा पगार आपल्याला मिळतो.

मळी खराब होते हे पुष्कळांना पटत नाही. घट्ट, काळी, गोड वस्तू, तिला काय होणार? पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो आणि लोखंडी टाकी दिवसभर उन्हात तापते. मळीचं तापमान ४० च्या पुढे सरकायला लागलं की तिच्यातली साखर आतल्या आत करपत जाते. फेस येतो, रंग अजून काळा होतो आणि वजनात मळी तेवढीच असूनही आंबणारी साखर घटते. म्हणून उन्हाळ्यात टाकीचं तापमान रोज लिहायचं, पंप लावून मळी फिरवत ठेवायची, टाकीवर पाण्याचा फवारा असेल तर तो चालू आहे ना ते शिडी चढून बघायचं. वळीव येण्याआधी टाकीच्या छपराचे नट-बोल्ट आणि मॅनहोल तपासा. पावसाचं पाणी आत गेलं की ते वरच तरंगतं, तेवढा थर पातळ होतो आणि तिथून जंतू वाढत जातात.

यीस्टबद्दल एवढंच सांगतो की सूक्ष्मदर्शकाखाली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या. लॅबवाला "काउंट चांगला आहे" म्हणाला की मान डोलवून निघून येऊ नका. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग घेत नाहीत. एका मिलीलिटरमध्ये वीस-तीस कोटी पेशी, बऱ्याचशा पेशींना कळ्या फुटलेल्या आणि निळ्या अगदी तुरळक, असं दिसलं तर निवांत चहा घ्या. आखूड काड्या वळवळताना दिसल्या तर जंतू शिरलेत. ते तुमचीच साखर खाऊन आम्ल करतात, म्हणून वॉशचा, म्हणजे फर्मेंटरमधल्या आंबणाऱ्या द्रवाचा, पीएच खाली घसरतो. पीएच साधारण साडेचार ते पावणेपाचच्या आसपास राहिला पाहिजे. तो उगाच उतरत असेल, तर आणखी ॲसिड-युरियाच्या मागे लागण्याआधी पाइपलाइन कधी वाफेने धुतली होती ते रजिस्टरात बघा.

फर्मेंटरजवळ उभं राहून काय बघायचं? साइट ग्लासवर टॉर्च मारा. चांगला चाललेला फर्मेंटर खदखदत असतो. तपकिरी फेस एका जागी ठरत नाही, मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्या जागी लगेच दुसरे येतात. वास गोडसर, फळासारखा, नाकाला झोंबणारा. फेस दाट, साईसारखा होऊन चढायला लागला की फेस मारणारं टर्की रेड ऑइल सोडावं लागतं, नाहीतर तो व्हेंटमधून, म्हणजे वायू जायच्या वाटेने, उतू जातो आणि मग जिना धुवायला तुम्हीच असता. पण तेलाचा हातही आवरता ठेवा. फेस का चढतोय हे न बघता नुसतं तेल ओतणारा ऑपरेटर मला आवडत नाही. याउलट फेस बसलाय, वर पाण्यासारखा शांत थर दिसतोय आणि ग्रॅव्हिटी (वॉशचा जडपणा, साखर संपते तसा तो उतरतो) मात्र दोन तासांत हललेली नाही, तर फर्मेंटर अडकलाय. सगळ्यात आधी तापमान बघा.

साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता सुटते. वॉश ३२-३३ अंशांवर राहावा म्हणून तो प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवून थंड करतात. ३६ च्या पुढे यीस्ट दमतं. बाहेरच्या पोरांना वाटतं की सोलापूरच्या उन्हाळ्यात थंड करणं सगळ्यात अवघड. ऊन कडक असलं तरी मेमधली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ चांगली होते आणि पाणी बऱ्यापैकी थंड मिळतं. पाणी मात्र भरपूर उडून जातं, आणि उजनी तळाला गेली असेल तर तेच पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उभा राहतो. खरी कसोटी जूनच्या तोंडावर असते. वळवाने हवा दमट झालेली, ऊन अजून हटलेलं नाही, अशा दिवशी टॉवर साथ सोडतो. त्या दिवसांत एक्स्चेंजरच्या प्लेटा आधीच साफ करून घ्या.

आता कार्बन डायऑक्साइड. याच्यावर मी जास्त बोलतो, कंटाळा आला तरी ऐका. साखरेतून जेवढं अल्कोहोल निघतं, त्याच्या जवळपास तेवढ्याच वजनाचा हा वायूही निघतो. दिवसाला ६० हजार लिटरचा प्लांट म्हणजे ४५ टनांच्या आसपास वायू झाला. तो हवेपेक्षा जड आहे. रिकाम्या फर्मेंटरच्या तळाशी, खड्ड्यात, गटारीत साचून राहतो. दिसत नाही. फर्मेंटर रिकामा झाला, मॅनहोल उघडलं, आत कुणी झाडू घेऊन उतरला, की तो दोन श्वासांत कोसळू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. अशा अपघातांत एकामागे एक माणसं जातात ती याच कारणाने. त्यामुळे लेखी परमिट झाल्याशिवाय, ब्लोअर लावल्याशिवाय, मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर दिसल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा राहिल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही. मॅनेजर ओरडला तरी नाही. जुने लोक पेटती मेणबत्ती सोडून बघायचे. ती रीत विसरा. जिथे अल्कोहोलची वाफ आहे तिथे उघडी ज्योत न्यायची म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात उडी.

आगीचं इथेच सांगतो. स्पिरिटच्या ज्वाळेला रंग जवळजवळ नसतो, दुपारच्या उन्हात ती दिसतच नाही. आपल्याकडे वर्षातला मोठा भाग कडक ऊनच. हवेत सव्वातीन टक्क्यांच्या पुढे वाफ मिसळली की ठिणगी पुरते. मोबाइल गेटवर ठेवायचा, पितळी पाना वापरायचा, टँकर भरताना अर्थिंगचा चिमटा आधी लावायचा आणि व्हॉल्व्ह नंतर उघडायचा. नायलॉनचे शर्ट घालून येऊ नका, सुती घाला.

फर्मेंटर मरगळला, म्हणजे ग्रॅव्हिटी उतरून थांबली, की वॉश डिस्टिलेशनला जातो. त्यात अल्कोहोल साधारण आठ टक्के. हा वॉश ॲनालायझर कॉलमच्या वरच्या अंगाला सोडतात, खालून वाफ येते. ट्रेवर ट्रे असे रचलेले असतात. वाफ वर जाता जाता अल्कोहोल उचलत जाते आणि खाली उतरणारा वॉश अल्कोहोल सोडत जातो. तळाला उरतो तो स्पेंट वॉश. वरची वाफ पुढे रेक्टिफायरकडे जाते आणि तिथे ९५ टक्क्यांपर्यंत पोचते. नुसत्या गाळण्याने फार तर ९७ टक्के गाठता येतात. पाणी आणि अल्कोहोल तिथे ७८ अंशांच्या आसपास एकत्रच उकळतात, वेगळे होत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल ९९.५ च्या वर लागतं, म्हणून ते मॉलिक्युलर सिव्हमधून काढतात. त्या खड्यांची छिद्रं इतकी बारीक की पाणी आत शिरतं, अल्कोहोल बाहेर राहतं.

कॉलम चालू करताना क्रम चुकवायचा नाही. आधी कंडेन्सरला पाणी, मग व्हेंट उघडा आहे ना ते बघायचं, मग वाफ, तीही हळूहळू. घाईत वाफ उघडली की ट्रे धडधडतात; तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. टॉपला तापमान ७८ च्या जवळ येऊन स्थिर होईपर्यंत काहीही बाहेर काढायचं नाही, वरून थंड होऊन आलेला द्रव, म्हणजे रिफ्लक्स, सगळा परत कॉलममध्ये. तापमान दहा-पंधरा मिनिटं हललं नाही की मग ड्रॉ, म्हणजे माल बाहेर काढायची वाट, उघडा, थोडाच. बंद करताना उलटा धोका असतो. वाफ बंद झाली की आतली वाफ थंड होऊन आकसते. व्हेंट आणि व्हॅक्यूम ब्रेकर (बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) दोन्ही अडकलेले असतील तर कॉलम आत चेपतो. एका कारखान्यात असा चेपलेला कॉलम यार्डात पडून होता. दुमडलेला पत्रा बघून नव्या माणसाला विश्वास बसायचा नाही की हे नुसत्या हवेच्या दाबाने झालं.

चालू कॉलममध्ये टॉपपेक्षा मधल्या ट्रेचं तापमान बघत जा. टॉप सगळ्यात शेवटी बोलतो. मधलं तापमान चढायला लागलं म्हणजे अल्कोहोल कमी पडतंय किंवा फ्यूजल ऑइल साचतंय. फ्यूजल ऑइल म्हणजे जड अल्कोहोलं, मुख्यतः आयसोअमाइल. ती वर जात नाहीत आणि तळालाही उतरत नाहीत, मध्येच अडकून बसतात. म्हणून रेक्टिफायरच्या मधल्या ट्रेवरून ती सतत थोडी थोडी काढून घ्यायची. डिकँटरमध्ये पाण्याने धुतली की तेल वर तरंगतं. काढायला आळस केला की कॉलम अस्थिर होतो आणि मालाला घामट, घसा धरणारा वास लागतो. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक वाढत असेल, तर ॲनालायझरचे ट्रे मळीतल्या कॅल्शियमने भरलेत असं समजा आणि सफाईची तारीख ठरवा. वाफ वाढवून वेळ मारून नेऊ नका.

ईएनए, म्हणजे ज्यापासून पुढे व्हिस्की-रम बनते ते शुद्ध स्पिरिट, काढायची एक गंमत आहे. आधी स्पिरिट मुद्दाम पाणी घालून दहा-पंधरा टक्क्यांवर आणतात. एवढं पातळ केलं की नको असलेली द्रव्यं उलट जास्त उडायला लागतात आणि वरून निघून जातात. मग खालचं साफ झालेलं स्पिरिट पुन्हा रेक्टिफायरला नेऊन ९६ टक्क्यांवर आणायचं. तिथेही माल अगदी टॉपवरून घ्यायचा नाही, काही ट्रे खालून घ्यायचा, कारण हलकी अशुद्ध द्रव्यं टॉपला जमतात.

सॅम्पल बघायची रीत अशी. बाटलीचं तोंड नाकाला लावून जोरात श्वास घेऊ नका, त्याने नाक बधिर होतं आणि पुढची चार सॅम्पलं कळत नाहीत. थोडं स्पिरिट ग्लासात घ्या, तेवढंच किंवा दुप्पट पाणी घाला, ग्लासावर झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण सरकवून हलका वास घ्या. पाणी घातलं की दोष वर येतो. चिरलेल्या हिरव्या सफरचंदासारखा तिखट वास आला तर ॲल्डिहाइड. नेलपॉलिशसारखा आला तर इथाइल ॲसिटेट. कोबी उकडल्यासारखा आला तर गंधकाचा काही प्रकार; जुन्या कॉलमात तांब्याचे ट्रे असायचे ते हा वास खाऊन टाकायचे. दुसरी रीत, दोन थेंब तळहातावर चोळायचे आणि अल्कोहोल उडून गेल्यावर हात हुंगायचा. मागे काहीही राहायला नको. लॅबमध्ये पोटॅशियम परमँगनेटची परीक्षा असतेच. चांगल्या मालात गुलाबी रंग अर्ध्या तासापुढे टिकतो. पण लॅबचा निकाल येईपर्यंत माल टाकीत गेलेला असतो. पाळीत एक तयार नाक असावं. शेंगा चटणी आणि कांदा-भाकरीवर आडवा हात मारून लगेच वास घ्यायला येऊ नका, जेवणाआधी घ्या.

मोजमापात पोरं घाबरतात. एक्साइजचे साहेब डिस्टिलरीतच बसलेले असतात आणि लिटरा-लिटराचा हिशोब विचारतात. त्यांच्या रजिस्टरात प्रूफ लिटर चालतं. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्यामुळे ९६ टक्क्यांचे हजार बल्क लिटर (मापाचे साधे लिटर) म्हणजे सुमारे १,६८० प्रूफ लिटर. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं तेही याच मोजणीतून येतं, २५ अंडर प्रूफ, म्हणजे १०० प्रूफला २५ कमी. हायड्रोमीटर सोडताना बोटांनी हलका फिरवा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. काचेवर द्रव चढलेला दिसतो ती वरची कड वाचू नका, डोळा सपाटीला आणून खालची रेघ वाचा. आणि तापमान लिहिल्याशिवाय टक्के लिहूच नका. गरम स्पिरिट हायड्रोमीटरवर असतं त्यापेक्षा कडक दिसतं. टाकीचंही तसंच. दुपारी चारला एक लाख लिटर भरलेली टाकी पहाटे दहा अंशांनी थंड झाली, तर डिपस्टिकवर हजार-अकराशे लिटर कमी दिसतात. चोरी झाली म्हणून आरडाओरडा करण्याआधी दोन्ही वेळची तापमानं काढा आणि तक्त्यावरून दुरुस्ती लावा.

स्पेंट वॉश ही तुमची आवडीची जागा नसणार, तरी तिथे फेरी मारा. लिटरभर स्पिरिटमागे आठ-दहा लिटर, कधी जास्तही, असं गरम काळं पाणी निघतं. ते नाल्यात सोडायचं नसतं. गॅस प्लांट, मग इव्हॅपोरेटर, मग बॉयलरमध्ये जाळायचं किंवा कंपोस्टला द्यायचं. एक पंप बंद पडला की दोन पाळ्यांत लगून, म्हणजे ते साठवायचं तळं, भरायला लागतं. खालच्या अंगाला शेतं आहेत, विहिरी आहेत, पुढे भीमा आहे. तिथली लेव्हल कमी लिहायला कुणी सांगितलं तर लिहू नका.

सुट्टीचं म्हणाल तर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते आणि तेव्हाच गाळप जोरात असतं. सिद्धेश्वराला जायचं असेल तर डिसेंबरातच जोडीदाराशी पाळी बदलून ठेवा.

पाळी देता-घेताना "सगळं ओके आहे" एवढ्यावर भागवू नका. येणाऱ्याला बरोबर घेऊन चाला आणि प्रत्येक फर्मेंटरची ग्रॅव्हिटी, तापमान, पीएच तोंडी सांगा. कुठला किती वाजता भरला, कशात फेस चढत होता, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठली इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास केली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे रजिस्टरात लिहून खाली सही करा. शेवटच्या दोन तासांचे आकडे एकसारखे लिहिलेले दिसले, तर मी तो तक्ता परत करतो आणि पोराला पुन्हा फेरी मारायला पाठवतो. बस चुकली तरी.